मागल्या बोळानं येणारे मामा

भिंतीपाशी आले की मामा आधी करंगळी भिंतीवरून ओढायचे. मग ती नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे आणि काय जळलं ते सांगायचं. "मिरची हाय. त्येल बी हाय. आन ह्यो पोत्याचा वास." एवढं झालं की करंगळी धोतराच्या सोग्याला पुसायची. आमच्या घरी पहिल्या दिवशी करंगळी पुसून ते माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "पाणी लावलं न्हाईसा न्हवं? आधी कोरडं, बाई. वलं मागनं."

आम्ही पाणी लावलं होतं. नुसतं लावलं नव्हतं. सोड्याच्या पाण्यानं, नारळाच्या शेंडीनं, अंगात आल्यासारखी भिंत घासली होती आणि वर चुन्याचा हात मारून मोकळ्या झालो होतो. दुसऱ्या दिवशी त्या चुन्यातून पिवळे-तपकिरी ओघळ वर आले. तेव्हा कुठं मामांना बोलवायची अक्कल सुचली.

मामा म्हणजे माझे कुणी मामा नव्हेत. आमच्या भागात वयानं मोठ्या परक्या माणसाला मामा म्हणतात, तसं मी म्हणायची. आष्ट्यात लोक त्यांना 'काजळ्या' म्हणत. कुणाचा स्टो भडकला, कुणाच्या चुलीचा जाळ वर चढला, की धुरानं काळं झालेलं घर परत पहिल्यासारखं करून देणारा आसपासच्या गावांत हा एकच माणूस. उंच, पाठीत जरा वाकलेले, बोलताना मधेच थांबून श्वास घेणारे. कितीही आंघोळ केली तरी नखांच्या कडा काळ्या त्या काळ्याच.

मी तेव्हा आष्ट्यात मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. माझे मालक फौजेत, वर्षातनं एकदा सुट्टीला यायचे. घरात मी, सासूबाई आणि धाकटी नणंद शालन. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. शालनचं लग्न ठरलं होतं. कडेगावचं स्थळ, ऊसवाले, मुलगा शिकलेला. लग्नाला तीन आठवडे राहिले होते आणि घरात आग लागली ती माझ्यामुळं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी दुसऱ्यावर ढकलायला नको.

शाळेत पोरी माझ्या माघारी मला 'तवा' म्हणायच्या, कारण मी पटकन तापते. त्या सकाळीही तापलेच होते. उशीर झालेला, चहा हवा, आणि स्टोच्या भोकात कचरा. शहाणा माणूस स्टो विझवून पिन मारतो. मी पेटत्या स्टोलाच मारली. भपकन जाळ उठला तो थेट वरच्या फळीला लागला. फळीवर गोड्या तेलाचा डबा आणि लग्नासाठी आणलेल्या वाळल्या मिरच्यांचं पोतं.

माणसांना काही झालं नाही, देवाची कृपा. आत्यांनी भिजकी गोधडी टाकून आग विझवली. पण गोधडी टाकायच्या आधी त्यांनी एक काम केलं. पुढचं दार लावलं, मागचं दार लावलं, दोन्ही खिडक्या लावल्या. का, तर गल्लीत धूर दिसला आणि ही गोष्ट कडेगावला कळली तर? लग्नाआधी मुलीच्या माहेरी आग म्हणजे अपशकुन. असल्या कारणावरून मोडलेली सोयरीक आम्ही आमच्याच भावकीत बघितली होती. आम्ही तिघी तोंडाला पदर लावून खोकत बसलो आणि मिरचीचा, तेलाचा, पोत्याचा सगळा धूर स्वयंपाकघरातून माजघरात आला आणि निवांत भिंतींवर बसला. माजघरातच वऱ्हाड उतरायचं होतं.

हेही मामांनी ओळखलं. दाराच्या चौकटीच्या फटीवरून करंगळी फिरवली आणि विचारलं, "दारं लावून घेतली हुतीसा व्हय?"

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "हो."

"करत्यात लोकं तसं," मामा म्हणाले. "आधी दार लावत्यात, मग जाळ इझवत्यात." आणि हसले. मला रागच आला. पण त्या हसण्यात आम्हाला हिणवणं नव्हतं, हेही खरं.

त्यांना आणायला मीच गेले होते, शाळा सुटल्यावर, तेलाच्या घाण्यामागच्या त्यांच्या खोलीवर. गावात कुणाला निरोप द्यायची सोय नव्हती. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, "मागल्या अंगाला बोळ हाय का?" मला कळेना. ते म्हणाले, "आवं, मी पुढनं आलो की गल्लीला कळतंय, हितं काय तरी जळलंय म्हणून. फटफटायला येतो, मागनं."

आणि खरंच, पुढचे नऊ दिवस हा माणूस दिवस उगवायच्या आत मागच्या बोळातून यायचा आणि दुपारी गल्ली जेवून आडवी झाली की त्याच बोळातून जायचा. वाटेत कुणी भेटलं तर भिंतीकडं तोंड करून बिडी पेटवत उभा राहायचा. मी म्हटलं, "मामा, एवढं कशाला? तुम्ही काय चोर आहात?" तर म्हणाले, "बाई, सकाळच्या पारी माझं तोंड बघितलं तर लोक चूल पेटवायला भेत्यात." वर जोडून दिलं, "भ्यावंच. तुमच्यासारखी पेटत्या स्टोला पिन मारणारी माणसं हायती गावात."

त्यांच्या पिशवीत ब्रश नव्हता, फडकं नव्हतं. होती न धुतलेली मेंढीची लोकर. मामा मूळचे पूर्वेकडचे, जतच्या बाजूचे. घराण्यात मेंढरं. "ह्या लोकरीत मेंढराच्या अंगचं त्येल असतंय," ते म्हणाले. "काजळीला धरती आन सोडत न्हाई." लोकरीचा पुंजका भिंतीवर टेकवायचा, हलकेच खाली ओढायचा, झटकायचा, परत टेकवायचा. घासायचं नाही. तान्ह्या पोराचं तोंड पुसावं तसं. मी एकदा उत्साहानं पुंजका घेऊन भिडले. दोन हात मारले असतील, त्यांनी पुंजका माझ्या हातातून काढून घेतला. "बाई, तुमी पोरींच्या वह्या तपासा. भितीवर राग काढू नगा."

लोकरीनंतर कोंड्याचा गोळा. गव्हाचा कोंडा घट्ट मळायचा आणि तो गोळा भिंतीवरून लाटल्यासारखा फिरवायचा. उरलीसुरली काजळी त्याला चिकटते. गोळा काळा झाला की काळी बाजू आत मळून घ्यायची, पुन्हा फिरवायचा. हे बघून आत्यांचा जीव कळवळला. "आवं, अन्न भितीला फासताय व्हय?"

"कोंडा हाय आक्का. म्हशीच्या तोंडचा घास घेतलाय, तुमच्या न्हवं."

आत्या मला म्हणाल्या, जीभ लय लांब हाय ह्येची. पण दुसऱ्या दिवशी कोंडा त्यांनी स्वतः चाळून ठेवला होता.

मग पाणी. कढत पाण्यात सोडा, आणि भिंत खालून वर धुवायची. मी आयुष्यभर वरून खाली धुतलेली. मामा म्हणाले, वरनं पाणी सोडलं की कोरड्या भिंतीवर ओघळ उतरतो आणि तो ओघळ मग जन्मात जात नाही. आमच्या शेंडीनं घासलेल्या जागी काजळी चुन्यात मुरून बसली होती. ती त्यांनी खरवडून काढली, तरी डाग राहिलेच. त्या डागांवर सुताराकडची चपडी, म्हणजे लाखेचं पॉलिश, लावली, तिच्यातून पिवळं वर फुटत नाही. आणि शेवटी डिंक, नीळ घालून चुना. "तुमच्या शेंडीनं माझं दोन दीस खाल्लं," हे मात्र मला रोज ऐकावं लागलं.

शालनच्या लग्नाच्या साड्यांची पेटी माजघरातच होती. साड्यांना असा काही ठसका देणारा वास लागला होता की ती पोरगी पेटी उघडी टाकून रडत बसली. मामा दारातूनच म्हणाले, "शालनताई, धू नगासा. उन्हातबी टाकू नगासा. चार दीस वाऱ्यावर सोडायच्या, मग पेटीत कोळशाचं खडं फडक्यात बांधून ठिवायचं." मी म्हटलं, "अहो मामा, धुराचा वास काढायला कोळसा?" ते म्हणाले, "त्येचाच त्यो हाय की. त्यो बरोबर वढून घेतोय." आठवड्यानं पेटी उघडली तर साड्यांना नव्या कापडाचा वास येत होता. शालन पळत जाऊन त्यांच्या पाया पडली. मामा एवढे गडबडले की हातातलं चुन्याचं पाणी स्वतःच्याच पायावर सांडलं.

मी शाळेत जायच्या आधी आम्ही परसात चहा प्यायचो. मामा आत बसायचे नाहीत. कढीपत्त्याच्या झाडाखाली उकिडवे बसून दोन्ही हातांनी पेला धरायचे. तिथं मला त्यांची थोडीथोडी माहिती कळली. तरुणपणी ते एका साखर कारखान्यात होते. उसाचं गळीत संपलं की बॉयलरच्या धुराड्यात उतरून आतली काजळी खरवडायची, हे काम. बारा वर्षं केलं. तिथंच छातीत धूर गेला तो गेला. बायको पटकीत वारली, मूलबाळ नाही. जतकडं एक पुतण्या. त्याचं काही वर्षांत पत्र नाही.

"मग दुसरं लग्न का नाही केलं?" मी विचारलं. मला काहीही विचारायची सवय आहे.

"कोण देतंय? पोरीचा बा माझ्या दारात आला तरी लोक इचारायचं, तुमच्यात काय जळलं."

मी हसले. तेही हसले. मग त्यांनी शिराळ्याची गोष्ट सांगितली. नागपंचमीला शिराळ्याला गेले होते, गर्दी बघायला. दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका घरी त्यांनी काम केलं होतं. मोठं घर, महिनाभराचं काम, घरची बाई रोज भाकरी द्यायची, भाऊ म्हणायची. वाटलं, आलोच आहे तर भिंत कशी राहिलीय बघून जावं. सणाचा दिवस, दारात रांगोळी, आत पाहुणे, पोरं. हे दारात जाऊन उभे राहिले. ती बाई बाहेर आली. ओळखलं तिनं. पण हळू आवाजात म्हणाली, "आता आमच्यात काय जळलं न्हाई." आणि दार लोटून घेतलं.

"तिची चूक न्हाई," मामा म्हणाले. "सणाचा दीस हुता."

ते असं म्हणाले आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्या बाईला मनातल्या मनात पन्नास शिव्या घातल्या. असली कसली माणसं, काम झालं की दार लावतात, आणि असं बरंच काही बोलले. मामा ऐकत होते. पेला खाली ठेवून म्हणाले, "बाई, मी आजवर किती घरं पांढरी किली. समद्या घरात मी गेलो तवा रडारड. आन पांढरी झाली की मी भाईर. एकदा बघावं वाटतंय. माझ्या भितीला पाठ लावून माणसं बसल्यात, हसत्यात, खात्यात. एकदाच. मग न्हाई बघितलं तरी चालंल."

मी काय बोलले असेन, तुम्ही ओळखलं असेल. मी म्हटलं, "मामा, शालनच्या लग्नाची पहिली अक्षत तुम्हाला. पुढच्या दारानं यायचं. वऱ्हाडाच्या पंगतीत बसायचं. आणि आमचे मालक सुट्टीवर येतायत, ते तुम्हाला फेटा बांधतील. बघते कोण काय बोलतं ते."

मामांनी उठून पेला विसळून ठेवला. मग म्हणाले, "फेटा कशाला, बाई." पण त्या दिवशी ते नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त काम करून गेले.

नवव्या दिवशी घर झालं. माजघर असं पांढरं की दिवा न लावता वाचता यावं. मी त्यांना म्हटलं, आज आत बसून चहा घ्या. उंबऱ्यापर्यंत आले. चारी भिंतींवरून नजर फिरवली. आत पाऊल काही टाकलं नाही. म्हणाले, "आज न्हाई. लग्नालाच येतो की." आणि मागल्या बोळानं गेले.

पत्रिका छापून आल्या. माझं अक्षर चांगलं, म्हणून नावं घालायचं काम माझ्याकडं. पहिली गणपतीला ठेवली. दुसरी हातात घेतली, 'श्री.' लिहिलं आणि माझा हात थांबला. मला मामांचं नाव माहीत नव्हतं. नऊ दिवस माणूस माझ्या घरात राबला, मी त्याच्या बायकोचं, पुतण्याचं, छातीच्या दुखण्याचं सगळं विचारलं, आणि नाव विचारलं नाही. मी ती पत्रिका बाजूला ठेवली. म्हटलं, उद्या जाऊन विचारू.

आत्यांनी ती बघितली. "ही कुणाची गं?"

"मामांची."

आत्या माझ्यासमोर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडण्याला मी ओरडून उत्तर देते. त्या हळूच म्हणाल्या, "माणूस लय चांगला हाय. मला काय कळत न्हाई व्हय? पर समदी पंचक्रोशी त्येला वळखती. कडेगावच्या पंगतीत त्यो बसला, की त्यातला कोण तरी इचारणारच, ह्यो हितं कसा? ह्यांच्यात काय जळलं? मग शालनचं काय करायचं ते तूच सांग."

शालन दारात उभी होती. ती बोलली असती, मामांना बोलवू नका म्हणाली असती, तरी मी तिच्यावर खापर फोडलं असतं. ती नुसती माझ्याकडं बघत होती आणि आग मी लावली होती.

मी ती पत्रिका दुसऱ्या कुणाच्या नावानं लिहिली. 'श्री.' लिहिलेलंच होतं, पुढं नाव घातलं. मामांच्या खोलीवर जाऊन त्यांना नीट सांगावं, तोंडावर माफी मागावी, एवढंही मला जमलं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, करत लग्नाचा दिवस आला. शाळेत पोरींना 'सत्य बोला' या विषयावर निबंध घालणारी बाई मी.

लग्न छान झालं. बुंदीची पंगत होती. लोकांनी पोटभर खाल्लं. मी सगळा वेळ वाढता वाढता पुढच्या दाराकडं बघत होते. वाटत होतं, मामा आलेच तर काय करायचं. मागं परसात बसवायचं का, कुणी विचारलं तर काय म्हणायचं, सगळं मनात जुळवत होते. दुपार टळली, ते आले नाहीत, आणि मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं ते हेच.

संध्याकाळी पाठवणीच्या आधी वऱ्हाडातल्या बायका माजघरात बसल्या होत्या. शालनची सासू भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून, पान खात होती. कुणीतरी उखाणा घेतला, सगळ्या खोखो हसल्या. सासूनं मागं वळून भिंतीवर हात फिरवला आणि मला म्हणाली, "घर लय लख्ख ठिवलंय हो बाई. नोकरी करून एवढं कसं जमतंय?" मी म्हटलं, "जमवायचं." दुसरं काय म्हणणार होते?

महिन्याभरानं आठवडी बाजारात मामा भेटले. मीच त्यांना बघून वाट बदलणार होते, तेवढ्यात त्यांनी हाक मारली. "बाई, शालनताई बरी हाय न्हवं? आन भिंत? पिवळं फुटलं न्हाई न्हवं कुठं?"

"नाही मामा. अगदी छान आहे." मग मी सुरू केलं, "मामा, त्या लग्नाच्या वेळी मी..."

"आवं, मला तरी कुठं येळ हुता," ते घाईनं म्हणाले. "त्या दिसात मी शिराळ्याकडं कामावर. बोलवलं असतं तरी येणं हुईत नव्हतं." आणि पिशवीतली भाजी उगाच खालीवर करत राहिले.

मी ते लगेच खरं मानलं. मला मानायचंच होतं. वर म्हटलं, "दिवाळीला फराळाला या, पुढच्या दारानं." ते म्हणाले, "येतो की." आणि मला शिव्या न देता, एक शब्द वाकडा न बोलता गर्दीत निघून गेले. मला त्यांचा राग आला. माणसानं निदान भांडावं तरी. मी भांडणारी आहे, मला भांडलेलं समजतं.

दिवाळीला ते आले नाहीत. येणार नाहीत हे मला ठाऊक होतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी फराळाचा डबा भरला आणि घाण्यामागं त्यांच्या खोलीवर गेले. या वेळी सगळं बोलायचं असं ठरवून गेले होते. खोलीला कुलूप होतं. शेजारच्या दारात एक बाई शेंगा फोडत बसली होती.

"म्हातारा व्हय? त्यो गेला की, पावसाळ्यात," ती म्हणाली. "दम लागायचा. चार दीस पडून हुता, पाचव्या दिवशी उठला न्हाई. पुतण्या आला, समदं झाल्यावर." मग तिनं मला निरखून बघितलं. "तुमी शाळेतल्या बाई व्हय? ज्यांच्या नणंदंचं लगीन झालं त्या?"

मी मान हलवली.

"व्हय व्हय. तुमी त्येची मानलेली भन. लय सांगायचा तुमचं."

ती बोलतच होती. "कशी वळख म्हणलं तर म्हणायचा, धर्माची भन हाय, तिनं मला पैली अक्षत दिलीया. लग्नाच्या दिवशी सकाळीच आंघोळ किली, धुतल्याली कापडं घातली, समद्यास्नी सांगून गेला. दीस मावळताना परत आला. मग काय, पावसाळा लागूस्तवर त्येच सांगत बसायचा. मला वऱ्हाडात बसवलं, अशी जिलबी हुती, तशी जिलबी हुती. पांढरंफेक घर, भितीला टेकून समदी हसत बसल्याली. फौजी दाजींनी फेटा बांधला म्हणायचा."

आमच्याकडं बुंदी होती. जिलेबी नव्हतीच. त्या दिवशी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तो माणूस धुतलेल्या कपड्यांत कुठं बसला होता, कुठं फिरत होता, मला अजून माहीत नाही. आमच्या घरातल्या आगीबद्दल मात्र तो शेजारणीशीही बोलला नव्हता. शालनच्या लग्नाला ठेच लागेल असं एक अक्षर त्याच्या गोष्टीत नव्हतं.

मला वाटलं, निदान आता तरी नाव विचारावं. पण मानलेल्या बहिणीला भावाचं नाव ठाऊक नाही, हे कोण मानेल? जीभ रेटली नाही. म्हणून तुम्हालाही मी नाव सांगू शकत नाही.

ती बाई शेंगांचं सूप बाजूला ठेवून जवळ आली. "एक इचारू का, बाई? रागावू नगासा. आमी त्येला चिडवायचो. फेटा बांधला तर फेटा दाव की म्हणायचो. दावायचा न्हाई. हसायचा नुसता. आमचं मालक म्हणायचं, थापा मारतोय म्हातारा, त्येला कोण बोलवतंय लग्नाला. खरं हुतं का वो त्ये?"

"खरं आहे," मी म्हटलं. "पहिली अक्षत त्यांनाच दिली होती. फेटाही बांधला होता. जाताना गडबडीत आमच्याकडंच राहिला."

ती वळली आणि आतल्या अंधारात तिनं मालकांना हाक मारली, "ऐकलासा का? म्हातारा खरं बोलत हुता."